मेलेल्या तेलावरची जीप

आमच्या निलंग्यात भज्याच्या गाड्यासमोर उभं राहून भजी न घेणारा एकच माणूस आहे. तो येतो, कढईवर वाकतो, डोळे मिटून एक लांब श्वास घेतो आणि गंभीर आवाजात सांगतो, "मेलं. हे तेल मेलं बगा. आता ह्यात काय तळू नका. मला द्या."

गाडेवाला नवा असेल तर भडकतो. समोर गिऱ्हाईक उभं असतं, त्याच्या हातात गरम भज्यांचा कागद असतो, आणि हा माणूस तेलाचं मरण जाहीर करून मोकळा होतो. गिऱ्हाईक एकदा भज्याकडं बघतं, एकदा कढईकडं. जुने गाडेवाले मात्र वाद घालत नाहीत. ते गाड्याखालून काळ्या तेलाचा डबा काढतात आणि गुमान त्याच्या हातात देतात, कारण हा माणूस डबा घेतल्याशिवाय हलत नाही आणि तोवर दुसरं गिऱ्हाईक येत नाही.

हे शिवलिंगप्पा अण्णा. आमच्या गल्लीत बरोबर माझ्या समोर राहतात. आयुष्यभर आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा वर्ग घेतला आणि रिटायर झाल्यावर डिझेलशीच वैर धरलं. गोळा केलेल्या मेलेल्या तेलापासून ते घरामागं ड्रममध्ये बायोडिझेल बनवतात आणि त्यावर आपली जुनी जीप चालवतात. जीपच्या मागच्या फळीवर त्यांनी स्वतःच्या हातानं पांढऱ्या रंगात लिहिलंय, 'डिझेलमुक्त'. ती गल्लीतून गेली की मागं धूर कमी आणि तळणाचा वास जास्त राहतो. कुत्री भुंकत नाहीत, आशेनं मागं पळतात. माझी अम्मी म्हणायची, "तेलवाले अण्णा, तुमची गाडी गेली की मला भूक लागती. डॉक्टरनं तळलेलं बंद केलंय, आन् तुम्ही सकाळ-संध्याकाळ दारावरून भजी फिरवून राहिलाव."

त्यावर अण्णा एकच शब्द बोलायचे, "आयतु." आमच्याकडं कर्नाटकाची हद्द जवळ, त्यामुळं त्यांच्या बोलण्यात कानडी मधूनच डोकावतं. आयतु म्हणजे झालं, ठीक आहे. पण अण्णांच्या तोंडी त्याचे अर्थ बरेच. काम झालं तरी आयतु, भांडण संपलं तरी आयतु, आणि समोरच्याचं बोलणं ऐकायचं नसलं तरी आयतुच.

मी इथल्या शाळेत मराठी शिकवतो. नाव शफी. अण्णा मला मास्तर म्हणतात आणि विज्ञान शिकवत नाही म्हणून माझी कीव करतात. मला त्यांचं बायोडिझेल समजावून सांगण्यात त्यांनी जितक्या संध्याकाळी घालवल्या, तितक्यात मी एखादी पदवी घेतली असती. थोडक्यात असं, की जुनं तेल गाळायचं, तापवायचं, त्यात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा मोजून घालायचा, ढवळायचं आणि ठेवून द्यायचं. वर पिवळं इंधन तरंगतं, खाली काळपट ग्लिसरीन बसतं. "बगा मास्तर," काचेची बरणी उजेडात धरून ते म्हणायचे, "हेच तेल गटारीत गेलं आस्तं तर गटार तुंबली आस्ती. हाटेलवाल्यानं परत परत तापवलं आस्तं तर मान्साच्या पोटात गेलं आस्तं. आता गाडीच्या पोटात जातं. कुनाचं वाईट झालं का ह्यात?"

ह्या बरणीपायी एकदा पोलीस आले होते. गल्लीतल्या कुणीतरी कळवलं, की म्हातारा घरामागं दारू गाळतो. हवालदारानं ड्रम बघितला, नळ्या बघितल्या, बरणीतले दोन थर बघितले आणि विचारलं, "हे काय गाळून राहिलाव?" अण्णांना असा प्रश्न विचारणारा माणूस बऱ्याच दिवसांत भेटला नव्हता. त्यांनी हवालदाराला दीड तास खाली बसवून सगळा वर्ग घेतला. जाताना त्याच्या हातात ग्लिसरीनच्या साबणाच्या दोन वड्या होत्या आणि चेहऱ्यावर सुटका झाल्याचा आनंद.

गल्ली हे सांगून हसायची, पण मी हसत नव्हतो. ते ड्रम माझ्या घराच्या खिडकीसमोर होते, मध्ये फक्त गल्ली आणि एक बोळ. मिथेनॉल म्हणजे ठिणगीनं पेटणारी, पोटात गेली तर डोळे घालवणारी वस्तू, हे मला अण्णांनीच शिकवलं होतं. एकदा मी जाऊन बोललो, जरा जोरातच बोललो. "अण्णा, गल्लीत पोरं हायेत. माझी आई दम्याची हाय. उद्या काही झालं तर?" अण्णांनी ऐकून घेतलं, आयतु म्हणाले आणि आत गेले. मला वाटलं, नेहमीसारखंच. दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेतून आलो तर त्यांनी मिथेनॉलचा कॅन परसाच्या पार शेवटाला नेऊन, पत्र्याच्या पेटीत ठेवून, वर कुलूप लावलं होतं. मला त्यांनी ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

आपल्या इंधनातल्या खोडी अण्णांना माहीत नव्हत्या असं नाही. उलट त्यांच्याइतकी त्या कुणालाच माहीत नव्हत्या. इंधन धुतलेलं पाणी त्यांनी एकदा जास्वंदीला घातलं आणि जास्वंद आठवड्यात वाळली. नव्या इंधनानं जुन्या टाकीतली घाण सोडवून आणली आणि महिनाभर फिल्टर तुंबत राहिला. रबरी नळ्या मऊ पडून गळायला लागल्या, त्या सगळ्या बदलाव्या लागल्या. त्याच्याही आधी, कुठल्याशा सभेत ऐकून, भावाच्या शेतात त्यांनी मोगली एरंड लावला होता. त्याच्या बियांचं तेल निघतं म्हणून. तीन वर्षं पाणी घातलं, हातात ओंजळभर बी आलं. भावानं त्यांच्याशी बोलणं टाकलं.

चौकात कुणी उसाच्या इथेनॉलचं कौतुक सुरू केलं की अण्णा मध्ये पडायचे. "ऊस पाणी पितो. गाडी ऊस पिती. मग आपन काय प्यावं? लातूर भागात ऱ्हातो आपन, इसरू नका. टाकून द्यायच्या वस्तूचं इंधन करा, लई चांगलं. खायच्या-प्यायच्या वस्तूचं करायला लागलो की मग इचार करा." असं बोलणारा माणूस समंजस वाटतो. अण्णा तसे होतेही. फक्त त्यांना कुणी डिवचायचं नाही.

मागच्या हिवाळ्याच्या तोंडावर त्यांना डिवचलं चौकातल्या दस्तगीर गॅरेजवाल्यानं. "अण्णा, तुमचं तेल उन्हाळ्याचा पाहुना हाय. थंडी पडली की पळून जातं."

त्यात खरं होतं. हॉटेलवाले बहुतेक पामतेल वापरतात आणि पामतेल गारठ्यात थिजतं. त्याचं इंधन केलं तरी तो गुण जात नाही. दरवर्षी दिवाळी झाली की अण्णा कुणाला न सांगता टाकीत निम्मं डिझेल मिसळायचे. ते दस्तगीरला माहीत होतं, कारण डिझेलचा कॅन तोच आणून द्यायचा. पण त्या दिवशी चौकात आठ-दहा माणसं होती. ती हसली.

अण्णांचे कान लाल झाले. "ह्या थंडीत एक थेंब डिझेल घातलं, तर जीप तुझ्या गॅरेजात भंगारात आनून देतो. जा."

मग रोज सकाळी एक देखावा सुरू झाला. अण्णा स्वेटर, मफलर, कानटोपी घालून बाहेर यायचे, जीपच्या टाकीवर गोधडी टाकायचे आणि तिच्यावरून कढत पाणी ओतायचे. आजारी माणसाला शेकतात तसं टाकीला शेकायचे. मग जीप चालू व्हायची, अण्णा समोरच्या घरांकडं बघत जोरात "आयतु!" म्हणायचे. कार्तिक असा निघून गेला. मग डिसेंबरात एका आठवड्यात एकदम थंडी उतरली. सकाळी नळाचं पाणी हाताला झोंबायचं. शेतात धुकं इतकं बसायचं की दहा वाजेपर्यंत तुरीचे शेंडे दिसायचे नाहीत.

त्या आठवड्यातच अम्मीला दम्याचा झटका आला.

पहाटेच्या नमाजला उठली आणि वजूसाठी हातपाय धुतानाच खाली बसली. रुखसाना, माझी बायको, धावली. श्वास आत जाईना, छातीतून नुसती शीळ वाजत होती. गल्लीच्या टोकाला डॉक्टर राहतात, ते चालत आले, वाफ दिली, बोटाला यंत्र लावलं. आकडा बघून त्यांनी अम्मीला काही सांगितलं नाही. मला दारात घेतलं. "लातूरला न्या. इथं थांबू नका."

रुग्णवाहिकेला फोन केला. गाडी एका अपघाताकडं गेली होती, तिकडून यायला वेळ लागणार होता. गल्लीतली एकुलती एक कार लग्नाला बिदरला गेली होती. स्टँडवर एवढ्या सकाळी काही मिळतंय का बघायला मी चपला घालत होतो, तेवढ्यात दार ढकलून अण्णा आत आले. कानटोपी घातलेली, हातात घोंगडी.

"खोकला ऐकला. गाडी चालू हाय. अक्कांना उचला."

माझ्या तोंडून निघालं, "अण्णा, टाकीत काय हाय?"

त्यांनी घोंगडी अम्मीच्या अंगावर टाकली. "तेलच हाय. शेकून घेतलंय. पोचतो."

अम्मीला आम्ही तिघांनी उचलून मागच्या सीटवर ठेवलं. रुखसानानं तिला छातीशी टेकवून धरलं. मी अण्णांच्या शेजारी. निलंगा ते लातूर पन्नासेक किलोमीटर, मध्ये औसा. अण्णा कधी नव्हे एवढी जीप पळवत होते. काचेच्या पुढं दहा पावलांवरचं दिसत नव्हतं. समोरून दिवे यायचे, मोठे व्हायचे आणि बाजूनं निघून जायचे. मागून अम्मीचा श्वास ऐकू यायचा आणि तो ऐकू येत राहावा म्हणून मी इंजिनवर चिडत होतो, की हे एवढा आवाज का करतंय.

मग इंजिनाचा आवाज कमी झाला.

एकदा गचका बसला. परत नीट चाललं. परत गचका. अण्णांनी ॲक्सिलेटर दाबला, जीप पुढं झेपावल्यासारखी झाली आणि धापा टाकत रस्त्याच्या कडेला जाऊन बंद पडली.

औसा अजून बरंच लांब होतं. दोन्ही बाजूंना धुकं, तूर आणि ओली माती. त्या शांततेत अम्मीची शीळ एकदम मोठी झाली.

"पंप!" मागून रुखसाना ओरडली. "पंप कुठं हाय?"

"पंप बराबर हाय," बॉनेट उघडायला उतरता उतरता अण्णा म्हणाले, "फिल्टर तुंबलाय."

"अम्मीचा पंप! दम्याचा!"

तो माझ्या खिशात होता. मी वळून तो रुखसानाच्या हातात दिला. अम्मीचे ओठ जांभळट दिसत होते. ती माझ्याकडं बघत होती आणि बोलायला जात होती. मी म्हटलं, बोलू नको.

खाली उतरलो तर अण्णांनी फिल्टर काढून हातात घेतला होता. आत पांढरट थर जमला होता, गोठलेल्या तुपासारखा. नळीतही तेच. टाकी शेकली होती, पण टाकीपासून इंजिनापर्यंतची नळी खालून गार वाऱ्यात होती. रस्ताभर वारा लागला आणि इंधन वाटेतच थिजलं.

तिथं मी जे बोललो ते लिहायची मला लाज वाटते, पण लिहायला पाहिजे. मी त्यांचा मफलर धरला. "तुमच्या हट्टापायी, अण्णा. चौकात चार मानसं हसली म्हनून. माझी आई मरंल इथं. तुमच्या त्या मेल्या तेलापायी."

अण्णांनी मफलर सोडवूनसुद्धा घेतला नाही. माझ्या हाताच्या पलीकडं, धुक्यात बघत म्हणाले, "मास्तर, तिकडनं धुराचा वास येतो. चूल पेटलीय. गरम पानी आना. पळा."

मला काही दिसत नव्हतं. पण मी पळालो. तुरीतून, चिखलातून, शंभर-दीडशे पावलांवर एक शेतातलं घर होतं. बाहेर चुलीवर तुराट्यांचा जाळ आणि वर पाण्याचा हंडा. एक बाई डोळे पुसत धुरात बसली होती. मी काय बोललो मला आठवत नाही. तिनं अंघोळीचं पाणी तसंच्या तसं घागरीत ओतलं, पदरानं घागर धरली आणि माझ्याबरोबर पळत आली.

मी परत आलो तेव्हा रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर उभा होता. कारखान्याकडं निघालेला, मागं दोन ट्रॉल्या खच्चून भरलेल्या. त्या गतीनं तो दुपारपर्यंत कुठं पोचला असता देव जाणे. त्याच्यात अम्मीला घालण्यात अर्थ नव्हता. अण्णा ड्रायव्हरसमोर उभे होते, दोन्ही हात जोडून. मी अण्णांना कुणापुढं हात जोडताना कधी बघितलं नव्हतं, देवळातही ते एकाच हातानं नमस्कार करतात.

"पाच लिटर डिझेल द्या. कॅन हाय माझ्याकडं."

ड्रायव्हरनं जीपच्या मागच्या फळीकडं बोट दाखवलं. "आवो, गाडीवर तर डिझेलमुक्त लिवलंय."

"चुकीचं लिवलंय," अण्णा म्हणाले. "द्या."

ड्रायव्हरला मागच्या सीटवरची अम्मी दिसली. नळी तोंडानं ओढून त्यानं डिझेल काढून दिलं. अण्णांनी फिल्टर कढत पाण्यात बुडवून धुतला, नळीवर पाणी ओतलं, पाणी त्यांच्या हातावरूनही वाहत होतं आणि वाफा येत होत्या, पण त्यांनी हात मागं घेतला नाही. टाकीची नळी त्यांनी सोडवूनच टाकली आणि दुसरी नळी लावून तिचं टोक डिझेलच्या कॅनमध्ये सोडलं. कॅन माझ्या मांडीत दिला. "धरा. आडवा होऊ देऊ नका. एअर धरली की परत थांबावं लागंल." मग बॉनेटखाली वाकून ते हातानं पंप मारत राहिले, नळीतली हवा काढत. खटक, खटक, खटक. मी मोजत होतो. पंपाचे खटके नाही, मागचे श्वास.

पहिल्यांदा चालू झालं नाही. दुसऱ्यांदा नाही. त्या शेतातल्या बाईनं अम्मीचे तळपाय हातात घेतले आणि चोळू लागली. तिसऱ्यांदा इंजिन फुरफुरलं, धूर सोडला, आणि लागलं.

अण्णांनी आयतु म्हटलं नाही.

औसा मागं पडलं. मी कॅन मांडीत धरून बसलो होतो, डिझेल माझ्या पँटवर सांडत होतं, आणि अण्णा समोर बघत गाडी चालवत होते. एकदाच, अम्मीचा श्वास फार वेळ ऐकू आला नाही तेव्हा, ते मान न वळवता म्हणाले, "अक्का?" मागून अम्मीनं सीटच्या पाठीवर बोटानं दोनदा टकटक केलं.

दवाखान्यात तिला आत नेलं. दार बंद झालं. रुखसाना आणि मी बाकावर बसलो. तासाभरानं एक तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आली, मास्क खाली घेतला आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "पेशंटला आता बरंय. पण तुमच्यापैकी भजी कुणी आणलीत? आजी आत विचारून राहिल्यात. त्यांना काही खायला द्यायचं नाही हं."

रुखसाना आधी हसली आणि मग रडली. मी अण्णांना सांगायला उठलो, पण अण्णा तिथं नव्हते. बाहेर गाड्या लावायच्या जागेत बघितलं. जीप तिथंच होती. मागच्या सीटवर अम्मीची शाल घडी घालून ठेवलेली, किल्ली लावलेलीच. अण्णा बसनं निलंग्याला परत गेले होते. दोन दिवसांनी दस्तगीरच्या पोराला चालवायला बोलावून मी अम्मीला जीपमधून घरी आणलं, तेव्हा त्यांचं दार बंद होतं.

पुढं आठ-दहा दिवस अण्णा दिसले नाहीत. म्हणजे दिसायचे, पण मी दारात आलो की ते आत जायचे. गाडेवाले मला विचारायला लागले, "मास्तर, तेल साचून राहिलंय, अण्णा कुठंत?" माझ्या तोंडातून निघालेली वाक्यं मला वर्गात शिकवताना मध्येच ऐकू यायची. शेवटी एका रविवारी मी त्यांच्या परसात गेलो.

ते ड्रमजवळ खाली बसले होते. दोन्ही मनगटांवर भाजल्याचे डाग होते. मी म्हणालो, "अण्णा, मी त्या दिवशी लई बोललो. माफ करा."

"खरं बोललाव," ते म्हणाले. "तेलाची चूक न्हाई, मास्तर. तेल थंडीत थिजतं हे मी पोरांना सव्वीस वर्षं शिकवलं. फळ्यावर लिवून शिकवलं. ते तेल त्याच्या गुनानं वागलं. मीच वागलो न्हाई." त्यांनी ड्रमचं झाकण घट्ट बसवलं. "अक्कांना नेताना मी तुम्हाला बोललो होतो, पोचतो. असं कुनाला सांगायची सवयच न्हाई ऱ्हायली मला. मंडळी गेल्यापासून घरात कुनाला कुठं पोचवायचंच नव्हतं. लेक हैदराबादला, तिचा रविवारी फोन. मग मानूस चौकात बोलतो."

मी त्यांच्याकडून साबणाची एक वडी मागितली. त्यांनी दोन दिल्या.

बाहेर पडताना जीप बघितली. मागच्या फळीवर 'डिझेलमुक्त'च्या खाली नव्या रंगात लहान अक्षरांत लिहिलं होतं, 'हिवाळा सोडून'. टाकीपासूनच्या नळीवर जुन्या गोधडीच्या पट्ट्या गुंडाळल्या होत्या.

एवढ्यावर हे संपलं असतं. पण जानेवारीत, थंडी अजून असतानाच, मला पहाटे एक आवाज ऐकू यायला लागला. साधारण अम्मीच्या नमाजच्या वेळेला समोर जीप चालू व्हायची. कुठं जायची नाही. नुसती जागेवर फुरफुरत राहायची, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, आणि मग बंद व्हायची. मला वाटलं, गाडी गरम ठेवत असतील. चार दिवस मी पांघरूण ओढून परत झोपलो. पाचव्या दिवशी उठून खिडकीचा पडदा सारला.

अण्णा ड्रायव्हरच्या सीटवर बसले होते. घोंगडी खांद्यावर, हात स्टिअरिंगवर, गाडीचं तोंड रस्त्याकडं. आणि नजर आमच्या घराकडं.

मी बाहेर जायला वळलो तर ओट्याच्या दारात अम्मी उभी होती. नमाज होऊन गेली होती, डोक्यावर अजून दुपट्टा होता. तिनं हात वर करून ओट्यावरचा दिवा लावला. समोर इंजिन बंद झालं. अण्णा उतरले, घोंगडी झटकली आणि आमच्याकडं न बघता आत गेले.

"हे कधीपासून चालू हाय?" मी विचारलं.

"दवाखान्यातून आल्यापासून," अम्मी म्हणाली. "त्यांना वाटतं, मला म्हाईत न्हाई."

"अगं, मग तू एवढ्या थंडीत ओट्यावर कशाला येतीस? नमाजनंतर पडून राहा, म्हणून डॉक्टरनं सांगितलंय ना."

अम्मीनं दिवा तसाच ठेवला आणि दार हळूच लावून घेतलं.

"मी दिवा लावला न्हाई तर तो तसाच बसून राहील, बेटा," ती म्हणाली. "त्याच्याही छातीला गारठा लागतो. रात्री खोकतो, मला इथवर ऐकू येतं."